पाच लिटरची टाकी मी चारचीच धरते

पुण्याहून दापोलीला स्कूटरवर जाते म्हटलं की लोक आधी कंबरेचं विचारतात, मग पावसाचं, मग "एकटीच?" हे विचारतात, पेट्रोलचं मात्र क्वचितच कुणी विचारतं. आणि एकशे दहा सीसीच्या स्कूटरवर लांबचा रस्ता धरायचा तर सगळ्यात आधी बघायची गोष्ट तीच आहे असं माझं ठाम मत आहे. बुलेटवाल्यांकडे तेरा लिटरची टाकी असते, ते पुण्यात भरतात आणि समुद्र दिसेपर्यंत पंपाकडे बघत पण नाहीत. आपल्याकडे पाच लिटर आणि वर थोडंसं. अ‍ॅक्टिव्हा सिक्स जीची टाकी ५.३ लिटरची, अ‍ॅक्सेसची बरीच वर्षं ५ लिटरचीच होती, जुनी ज्युपिटर ६ लिटर घ्यायची पण नवीन ११० आली ती ५.१ ची, एनटॉर्क ५.८. म्हणजे कुठलीही घ्या, टाकी सीटखाली नाहीतर फूटबोर्डखाली कुठेतरी कोंबलेली असते कारण आपल्याला डिक्की मोठी हवी असते, हेल्मेट मावायला हवं असतं, त्यामुळे टाकी लहान राहणारच. त्याबद्दल तक्रार नाही, फक्त हिशोब त्याप्रमाणे करायला हवा.

माझ्या बाबांच्या चेतकला पेट्रोलचा कॉक होता, चालू, बंद आणि रिझर्व्ह अशा तीन खुणा असलेला. गाडी चालता चालता गचके द्यायला लागली की बाबा खाली हात घालून कॉक रिझर्व्हला फिरवायचे आणि गाडी परत नीट चालायला लागायची, आणि तेव्हापासून पंप शोधायचा हे घरातल्या सगळ्यांना माहीत असायचं. अगदीच संपलं तर स्कूटर एका कुशीवर कलती करायची, तळाशी उरलेलं पेट्रोल सरकायचं आणि तेवढ्यावर कोपऱ्यावरचा पंप गाठता यायचा. काटा नव्हता पण गाडी स्वतः सांगायची. आताच्या स्कूटरमध्ये तसा वेगळा रिझर्व्ह काही नसतो. "रिझर्व्हला लागली" असं आपण अजून म्हणतो पण ते काटा लाल पट्ट्यात आला किंवा शेवटची कांडी लुकलुकायला लागली एवढंच असतं, त्याच्या मागे वेगळं साठवलेलं काही नाही, तेच पेट्रोल आहे आणि ते संपत चाललंय. माझ्या भाचीला हे सांगितलं तेव्हा तिला खरंच नवीन होतं, तिला वाटत होतं की लाल पट्ट्याच्या खाली अजून एक छोटी टाकी असते. तिच्या वयाच्या कितीतरी मुलामुलींना असंच वाटत असणार म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

आता काटा. टाकीत एक तरंगणारा गोळा असतो, दांडीला लावलेला, पेट्रोल खाली गेलं की गोळा खाली, आणि दांडीच्या हालचालीप्रमाणे विजेचा रोध बदलतो त्यावरून काटा हलतो. एवढं साधं यंत्र आहे ते. टाकीचा आकार वर रुंद, खाली निमुळता, मध्ये कुठेतरी खाच, असा वेडावाकडा असतो त्यामुळे काट्याचा अर्धा म्हणजे पेट्रोलचा अर्धा असं होत नाही. बहुतेक स्कूटरचा काटा फुल्लवर बराच वेळ बसून राहतो आणि मग अर्ध्यानंतर भराभर खाली येतो, माझीचं तर तसंच आहे. शिवाय साइड स्टँडवर लावलेल्या गाडीत चावी फिरवून काटा बघितला तर गाडी कललेली असल्यामुळे भलतंच काहीतरी दाखवतो. घाट चढताना पेट्रोल मागे सरकतं, उतरताना पुढे, तेव्हाही तेच. म्हणून काटा बघायचाच असेल तर सपाट रस्त्यावर, मेन स्टँडवर, चावी चालू करून थोडं थांबून बघायचा. आणि तरी त्याच्यावर प्रवास ठरवायचा नाही. प्रवास किलोमीटरवर ठरवायचा.

किलोमीटरवर ठरवायचा म्हणजे आपल्या गाडीचं अ‍ॅव्हरेज माहीत पाहिजे, कंपनीने सांगितलेलं नाही, शेजाऱ्याच्या गाडीचं पण नाही, आपलं. ते काढायची पद्धत जुनीच आहे, टाकी ते टाकी. मी काय करते, नेहमीच्या पंपावर सकाळी जाते, गाडी मेन स्टँडवर लावते आणि भरणाऱ्या दादांना आधीच सांगते की फुल्ल करा पण पहिल्या कटला थांबा. नोझल टक् करून आपोआप बंद होतं तिथे थांबायचं. बरेच जण त्यानंतर पण रक्कम राउंड करायला थोडं थोडं दाबत राहतात, गळ्यापर्यंत पेट्रोल येतं, काठावर फेस दिसतो, ते करू द्यायचं नाही. एक तर उन्हात पेट्रोल फुगतं त्याला जागा लागते आणि दुसरं म्हणजे आताच्या गाड्यांत पेट्रोलची वाफ धरून ठेवायला कोळशाचा एक डबा असतो, त्यात पातळ पेट्रोल शिरलं तर तो कामातून जातो. "ताई अजून बसेल की पन्नासचं," असं ते दादा म्हणतात, मी म्हणते राहू द्या दादा, चारशे सदतीस तर चारशे सदतीस, मी ऑनलाइन देतेय. मग ओडोमीटरचे शेवटचे आकडे लिहून घ्यायचे (माझ्या गाडीला ट्रिप मीटर नाही, ज्यांना आहे त्यांनी शून्य करून टाकायचं), नेहमीसारखी गाडी चालवायची, दीडशेच्या आसपास किलोमीटर झाले की त्याच पंपावर, जमलं तर त्याच मशीनवर, परत मेन स्टँड, परत पहिला कट. किती लिटर गेलं ते पावतीवर असतं. किलोमीटर भागिले लिटर, झालं. एकदा करून भागत नाही, उन्हाळ्यात वेगळं येतं, डबलसीट जास्त फिरलं की वेगळं, म्हणून मी प्रत्येक वेळी लिहिते, डिक्कीत एक छोटी वही असते त्यासाठीच.

आणि हो, पैशांत नाही, लिटरमध्ये विचार करायची सवय लावा. पेट्रोल शंभरच्या वर गेल्यापासून दोनशेचं टाकलं तरी दोन लिटर भरत नाही, पण डोक्यात अजून "दोनशेचं टाकलंय, आठवडा निघेल" असं बसलेलं असतं. दोनशेचं हे अंतर नाहीये, लिटर हे अंतर आहे.

माझी गाडी गावात साधारण बेचाळीस देते, मोकळ्या सपाट रस्त्यावर पन्नासच्या स्पीडने गेलं तर त्याहून बरंच जास्त, आणि डबलसीट, सामान आणि घाट असं सगळं एकत्र आलं की अडतीसपर्यंत खाली येते. लांब जाताना मी चाळीस धरते. टाकी ५.३ ची असली तरी चारच लिटर धरते. चार गुणिले चाळीस, एकशे साठ किलोमीटर, हा माझा पल्ला. उरलेलं सव्वा लिटर हे माझं नाहीच असं समजायचं, ते गाडीचं आहे. हे काही घाबरटपणाने नाही करत मी. ते शेवटचं पेट्रोल वापरूच नये याला सबळ कारण आहे, धुराचे बीएस सिक्स नियम आल्यापासून, म्हणजे एप्रिल २०२० पासून, आपल्या जवळजवळ सगळ्या स्कूटर फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजिनात पेट्रोलचा फवारा मारणाऱ्या झाल्या आणि त्यांच्या टाकीत विजेवर चालणारा पंप बसवलेला असतो. तो पंप पेट्रोलातच बुडालेला असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो. टाकी कायम तळाशी ठेवून गाडी चालवली की तो पंप उघडा पडतो, तापतो, तळाची घाण ओढतो, आणि बदलायची वेळ आली की जो खर्च येतो तो पेट्रोलच्या कितीतरी टाक्यांचा असतो. त्यामुळे रोज पन्नास-शंभरचं टाकून लाल पट्ट्यावर फिरणाऱ्यांची मला फार काळजी वाटते. पैशांची ओढाताण असते मान्य आहे, मी पण त्यातून गेलेय, पण मग तेच शंभरचं टाकी अर्धी असताना टाका ना, खर्च तेवढाच होतो, फक्त सुरुवातीला एकदा अर्धी टाकी भरून घ्यावी लागते. भरलेल्या टाकीने गाडी जड होऊन अ‍ॅव्हरेज कमी होतं असं पण काहीजण सांगतात. पाच लिटर पेट्रोलचं वजन चार किलोच्या आत भरतं, स्कूटर एकशे पाच-सहा किलोची, वर आपण, त्यामुळे त्याला काही अर्थ नाही.

अ‍ॅव्हरेज हल्ली कमी झालंय का, तर हो, थोडं. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात दुचाकींसाठी तीन ते चार टक्के घट धरली होती, दहा टक्क्यांच्या मिश्रणासाठी ट्यून केलेल्या गाड्यांत. म्हणजे माझ्या एकशे साठातले पाच-सहा किलोमीटर गेले. तेवढ्याने पंप चुकू शकतो पण खरी घट बहुतेक वेळा दुसरीकडे असते, चाकात हवा कमी, मागचा ब्रेक इतका ओढलेला की चाक हाताने फिरत नाही, एअर फिल्टर बदललेला नाही. मेन स्टँडवर लावून मागचं चाक हाताने फिरवून बघा, घासल्याचा आवाज येतो का. दोन मिनिटांचं काम आहे आणि आमच्या सोसायटीतल्या निम्म्या गाड्यांचं चाक अडकत फिरतं, मी बघितलंय.

आता प्रत्यक्ष रस्ता. कोथरूडहून दापोली ताम्हिणीमार्गे माणगाव, मग म्हाप्रळ, मंडणगड असं एकशे नव्वदच्या आसपास पडतं. माझा पल्ला एकशे साठ. म्हणजे कुठेतरी भरायलाच हवं, प्रश्न फक्त कुठे. मी पिरंगुटला टाकी फुल्ल करते, घरातून निघताना काटा फुल्ल दाखवत असला तरी, कारण पौड मागे पडलं की मुळशीचं पाणी, जंगल, वळणं आणि धुकं, मोबाइलची रेंज मधूनमधून जाते, आणि पावसाळ्यात तिथे गाडी बंद पडली तर मदत मागायला माणूस भेटेल याची खात्री नाही. मग माणगावला हायवेवर परत भरायचं. तोपर्यंत शंभर-एक किलोमीटर झालेले असतात, काटा अर्ध्याच्या आसपास असतो, आणि बरोबरचे लोक म्हणतात अजून आहे की, पुढे भरू. पुढे भरू हे मी ऐकत नाही. माझा नियम असा की पुढचा पंप बंद निघाला तर त्याच्या पुढच्यापर्यंत किंवा मागच्यापर्यंत जाता आलं पाहिजे. कोकणात आतल्या रस्त्यावरचे पंप रात्री लवकर बंद होतात, कधी लाइट नसते, कधी टँकर आलेला नसतो, आणि गुगल मॅपवर पंप दिसतो म्हणजे तिथे पेट्रोल आहे असं नसतं. माणगावला भरलं की दापोली गाठून परत मंडणगडपर्यंत यायची ताकद गाडीत असते, आणि मग रस्ता मजेत बघता येतो, डोकं काट्यात अडकत नाही.

हिशोबात अजून एक गोष्ट लोक धरत नाहीत, ती म्हणजे रस्ताच बंद असण्याची. किनाऱ्याने जाताना तर हे फारच महत्त्वाचं. दाभोळहून धोपाव्याच्या फेरीबोटीत गाडी टाकून पलीकडे उतरलं की गुहागर विसेक किलोमीटरवर. पण शेवटची फेरी निघून गेली, किंवा समुद्र खवळलाय म्हणून फेरी बंद, तर तेच गुहागर दाभोळहून दापोली, चिपळूण करत रस्त्याने गाठायचं म्हणजे सव्वाशेच्या पुढेमागे जातं. वीस किलोमीटर धरून चाललेल्या गाडीला अचानक सव्वाशे जायचंय, संध्याकाळ झालीय. म्हणून दापोलीत निघतानाच भरायचं, दाभोळच्या धक्क्यावर फेरीची वाट बघताना नाही. वेसवी-बागमांडला, जयगड-तवसाळ, सगळीकडे हाच विचार. वरंधा घाट पावसाळ्यात दरड पडते म्हणून बंद करतात, भोरहून वर गेलात आणि परत फिरावं लागलं तर? ताम्हिणीचंही अधूनमधून होतं. मी निघण्याआधी दोन आकडे लिहिते, एक सरळ रस्त्याचा आणि एक वळसा घालून जायचा, आणि पेट्रोल दुसऱ्या आकड्यासाठी भरते.

मग बाटली का नाही ठेवत डिक्कीत, असं विचारतात. नाही ठेवायची. अजिबात नाही. स्कूटरची डिक्की इंजिनाच्या बरोबर वर असते, घाट चढून आल्यावर आत हात घालून बघा, चॉकलेट वितळतं तिथे. प्लॅस्टिकच्या बाटलीत पेट्रोल, त्यातून निघणारी वाफ, वर बंद झाकण आणि त्यावर आपण बसलेलो. पंपवाले बाटलीत द्यायला नकार देतात ते योग्यच करतात, त्यांच्याशी भांडू नका. गोव्यात गावातल्या वाटांवर दुकानांच्या बाहेर पाण्याच्या बाटल्यांत पेट्रोल विकायला ठेवलेलं दिसतं, ते पण टाळा, त्यात काय मिसळलंय आणि किती दिवस उन्हात होतं ते कळायला मार्ग नाही. गोव्यात भाड्याची स्कूटर घेतली, ती काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली, तर ती बहुतेक वेळा जेमतेम पेट्रोलवरच हातात मिळते, त्यामुळे कुठल्या बीचवर जायचं ते नंतर, आधी जवळचा पंप कुठे ते त्या माणसालाच विचारून घ्यायचं आणि तिथेच जायचं. पेट्रोल तिथे आपल्यापेक्षा स्वस्त आहे, टाका दोन लिटर, उरलं तर उरलं.

पावसाळ्यात अजून एक पथ्य. ज्या पंपाच्या आवारात पाणी साचलंय तिथे भरू नका. इथेनॉल पाणी ओढून घेतं, जमिनीखालच्या टाकीत पाणी शिरलं तर इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतं आणि तेच आपल्या गाडीत आलं की गाडी पंपापासून थोड्या अंतरावर जाऊन बंद पडते, काटा फुल्ल असूनसुद्धा.

आणि सणावाराला किंवा संपाला तर पेट्रोलचा विचार आदल्या दिवशी. जानेवारी २०२४ मध्ये हिट अँड रनच्या नव्या कायद्याविरोधात ट्रकचालकांनी संप केला तेव्हा मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून टँकर निघेनात आणि राज्यभर पंपांवर रांगा लागल्या. दोन दिवसांत मिटलं, पण त्या दोन दिवसांत ज्यांची गाडी नेहमी लाल पट्ट्यावर असते त्यांचे हाल झाले आणि ज्यांची अर्धी भरलेली होती ते रांगेत उभे न राहता कामाला गेले. गणपतीत मुंबई-गोवा हायवेवरच्या पंपांवर पण तशीच गर्दी असते, मी त्या दिवसांत आदल्या रात्रीच भरून ठेवते.

एवढं करून एखाद्याचं पेट्रोल संपतंच. रस्त्यात असं कुणी दिसलं तर मी थांबते, विशेषतः मुली असतील तर थांबतेच. मागून दुसऱ्या गाडीवरून पायाने ढकलत नेतात, ज्याला टोचन म्हणतात, ते गावातल्या सपाट रस्त्यावर थोडं अंतर ठीक, घाटात नको, ढकलणाऱ्याचा तोल गेला तर दोघंही पडतात. उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून सोडणारे पण बघितलेत मी. इंजेक्शनच्या गाडीत उतारावर थ्रॉटल सोडलं की इंजिनाला पेट्रोल जायचं जवळजवळ थांबतंच, आणि इंजिन गाडीला धरून ठेवतं ते वेगळं. बंद केलं की ती पकड गेली, दिवे गेले, वाचलं काहीच नाही.

पेट्रोल आणून टाकलं की लगेच सेल्फ मारत बसू नका. गाडी आधी सपाट जागी, मेन स्टँडवर. कमीत कमी एक लिटर घाला, पाव लिटर तळाशी पसरून जातं आणि पंपाला मिळत नाही. मग चावी चालू करायची आणि ऐकायचं, सीटखालून बारीक गुंईं असा आवाज येतो आणि दोन-तीन सेकंदात थांबतो, तो पंप दाब भरतोय. चावी बंद, परत चालू, परत तो आवाज, असं तीन-चार वेळा. त्या नळीत हवा गेलेली असते ती निघून जाते. मग थ्रॉटलला हात न लावता सेल्फ, एका वेळी चार-पाच सेकंदच, नाही झाली तर थोडं थांबून परत, नाहीतर बॅटरी उतरते आणि दुखण्यात दुखणं होतं. सुरुवातीला जरा अडखळते, मग नीट लागते. थोडा वेळ उभ्या उभ्या चालू ठेवा आणि तिथून निघून आधी पंपावर जा, घरी नंतर.